अडलेला कौल

देवाला टीव्हीवर आणायला हर्षदला पाऊण तास लागला. आधी नुसता आवाज आला, मग गावच्या देवळातला खांब आला, मग दादू गुरवाचं उघडं पोट आलं, आणि शेवटी एकदाचा रवळनाथ पडद्यावर स्थिर झाला. राजेशने घाईघाईने टीपॉयवरचे पाय खाली घेतले. कांदिवलीतल्या परबांच्या त्या टीव्हीवर आजवर क्रिकेट, मालिका आणि सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा एवढंच दिसलं होतं. देव पहिल्यांदाच येत होता, आणि तोही श्वेताच्या फोनवरून, कारण घरातला तेवढा एकच फोन टीव्हीला जोडला जायचा.

सुलक्षणा स्वयंपाकघरात नारळ खवत होती आणि दर दोन मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. सव्वाचार. संध्याकाळी सहापर्यंत तिच्या मुलीने, श्वेताने, मुलाखतीची वेळ पक्की करायची होती. नाही केली तर केरळातली ती एमबीएची संस्था समजणार की या मुलीला यायचं नाही, आणि यादीतल्या पुढच्याला बोलावणार. बोलावणं गुरुवारी आलं होतं. श्वेता गुरुवारीच बटण दाबायला निघाली होती, पण सुलक्षणानेच तिचा हात धरला. आधी घरात विचारू, आबांच्या कानावर घालू, मग कर, असं म्हणून तिने पोरीकडून शब्द घेतला. पंचवीस वर्षं एका घरात धाकटी सून म्हणून काढली की असली दुर्बुद्धी आपोआप सुचते. तिने घराला विचारलं, आणि घराने देवाला विचारायचं ठरवलं.

वास्तविक ही कॅट नावाची परीक्षा परबांच्या घरात आली ती श्वेतासाठी नव्हेच. ती आली तिच्या चुलतभावासाठी, हर्षदसाठी. आबांनी, म्हणजे गुणाजी परबांनी, कापडगिरणीत माग चालवले. त्यांच्या थोरल्या मुलाने, राजेशने, बँकेत शिक्के मारले. तेव्हा तिसऱ्या पिढीने केबिनमध्ये बसून नुसत्या सह्या कराव्यात, असा राजेशचा हिशेब होता. त्यासाठी मोठ्या कॉलेजातून एमबीए करणं आलं आणि त्यासाठी कॅट आली. मग अंधेरीचा क्लास लागला. दोन्ही भावांचे फ्लॅट मधली भिंत पाडून एक केलेले होते, त्यातली सगळ्यात हवेशीर खोली हर्षदला मिळाली. टीव्ही बंद झाला. माशाने मेंदू चालतो असं त्याच्या आईचं, विमलाचं, ठाम मत असल्यामुळे सुरमईची मधली तुकडी दोन वर्षं हर्षदच्या ताटात पडली आणि श्वेताच्या ताटात शेपटी. शेपटीत मेंदूचं नेमकं काय असतं हे अजून कोणी तपासलेलं नाही.

पहिल्या वर्षी परीक्षा केंद्राबाहेरच्या रांगेतच हर्षदला घेरी आली. म्हणून दुसऱ्या वर्षी राजेशने श्वेतालाही फॉर्म भरायला लावला. आत घरचं एक माणूस असलं की पोराला धीर राहील, एवढाच त्यातला उद्देश. श्वेता मरोळच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात डिस्पॅच बघायची, तिला कोणी विचारलंही नाही. प्रत्यक्षात हर्षदचं केंद्र आलं अंधेरीला आणि तिचं मुलुंडला. आता भरलाच आहे तर जाऊन ये, असं राजेश तिला म्हणाला, उरलेला भात कोणीतरी संपवून टाका म्हणतात त्या सुरात. हर्षदची अर्धी पुस्तकं प्लास्टिकमधून बाहेरही आली नव्हती. ती वॉशिंग मशीनच्या शेजारी बसून श्वेताने कधी काढली आणि कधी संपवली, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

निकाल लागला. हर्षद एकसष्ट, श्वेता अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.

'एकसष्ट म्हणजे फर्स्ट क्लासच की,' असं राजेशने लिफ्टमध्ये दोघातिघांना सांगितलं. सोसायटीचा चेअरमन असल्यामुळे कोणी उलट बोललं नाही. हे टक्के नव्हेत, शंभरातली किती माणसं आपल्या मागे राहिली त्याचा हा आकडा, असं श्वेताने त्याला समजावून सांगितलं, आणि पुन्हा एकदा सांगितलं. त्याला पहिल्याच वेळी समजलं होतं, म्हणून तर दुसऱ्या वेळी त्याने ऐकलं नाही. श्वेताच्या आकड्याबद्दल त्याचं म्हणणं एवढंच होतं की पोरीचं नशीब जोरावर आहे.

मग गुरुवारी ते बोलावणं आलं आणि राजेशने तोडगा काढला. यंदा श्वेताने थांबावं. पुढच्या वर्षी हर्षद परीक्षा काढतोच आहे, मग दोघं बरोबर जातील. एकटी मुलगी केरळात कशी धाडायची? भाऊ संगतीला असला म्हणजे बघायला नको. यावर श्वेताचा बाप सहदेव म्हणाला, "दादा म्हणतो ते बरोबर आहे." हे वाक्य तो जन्मापासून म्हणत आला असावा. लग्नात हार घालताना फोटोवाल्याने इकडे बघा म्हटलं आणि दादाने तिकडे बघ म्हटलं, तेव्हाही त्याने तेच म्हटलं होतं. सुलक्षणाच्या अल्बममध्ये नवरदेव तिकडेच बघतो आहे. श्वेता चिडली, हर्षद उठून बाहेर गेला, आवाज चढले, आणि आबांनी हात वर करून विषय मिटवला. "देवाक विचारूया," ते म्हणाले.

झालं. रविवारी चार वाजता.

"आई, माझा फोन तिकडे अडकलाय," श्वेता लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. "ओटीपी त्याच्यावरच येणार. तो घातल्याशिवाय मुलाखत पक्की होत नाही."

"मिळेल गं वेळेत. कौलाला असा कितीसा वेळ लागतो?"

"तुला माहितीये किती लागतो?"

सुलक्षणाला माहीत नव्हतं. गावच्या देवळात कौल लागायचा तेव्हा बायका बाहेरच्या पडवीत बसायच्या आणि आतून निरोप यायचा. ती पुन्हा नारळाकडे वळली.

"मी गुरुवारीच दाबायला हवं होतं," श्वेता म्हणाली. "तू शब्द घेतलास म्हणून थांबले. कोणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर ऐकलं नसतं."

हे ती रागाने बोलली असती तर सुलक्षणाने काहीतरी उत्तर दिलं असतं. पण पोरगी नुसतीच बोलली आणि ओट्याच्या कडेला लॅपटॉप ठेवून स्टुलावर बसली.

तेवढ्यात विमला पाणी न्यायच्या निमित्ताने आत आली. माठाचं झाकण वाजवत ती खालच्या आवाजात म्हणाली, "सुलक्षणा, खरं सांगू? तू तुझी पाठव."

"वहिनी, तुम्ही म्हणताय हे?"

"मग काय तर. ती थांबली की तिच्यासाठी म्हणून माझा हर्षद परत परीक्षेला बसणार. अजून एक वर्ष ते तोंड पाडून बसणं, अजून एक वर्ष टीव्ही बंद. पोरगा झोपेत दचकून उठतो गं. ह्यांना दिसत नाही, मला दिसतं."

"मग हे तुम्ही बाहेर बोला ना. आबांच्या समोर."

"मी कशाला बोलू?" विमलाने भांडं भरलं. "मला ह्यांच्याबरोबर राहायचंय." आणि पदर सावरून ती हॉलमध्ये गेली, जशी काही स्वयंपाकघरात फक्त पाणीच होतं.

हॉलमधून राजेशची हाक आली. सगळ्यांनी येऊन बसायचं होतं. श्वेता उठली नाही. सुलक्षणा हात पुसून बाहेर गेली आणि दाराजवळ खाली बसली.

सोफ्यावर मधोमध आबा, टोपी घालून. त्यांच्या उजव्या हाताला राजेश, हातात श्वेताचा फोन. तो त्याने पूजेचं ताम्हन धरावं तसा दोन्ही हातांनी धरला होता. सहदेव भावाच्या पलीकडे, हर्षद खाली टीव्हीच्या वायरीजवळ. पडद्यावर दादू गुरव देवाला ओल्या पाकळ्या चिकटवत होता, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. गावाकडे त्यांना कळे म्हणतात. प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. देवाचा उजवा कळा पडला तर हो, डावा पडला तर नाही. परबांच्या घरात लग्नं, जमिनी, विहिरी आणि दोन ऑपरेशनं याच रीतीने ठरलेली होती. राजेशने यावेळचे प्रश्न गुरवाला आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर पाठवले होते, एक आणि दोन असे आकडे घालून. पहिला सोपा ठेवला होता, म्हणजे देवाचा हात बसेल.

दादूने चष्मा लावला, मोबाइलच्या दिशेने एकदा बघून घेतलं आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा! तुझो हो गुणाजी परब म्हमईत बसान तुका हाक मारता हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," हॉलमधून सगळे म्हणाले.

"तेच्या नातवान, हर्षदान, ती जी काय कॅट परीक्षा आसा, ती फुडल्या वर्सा परत देवची की नाय देवची, ह्येचो तू निवाडो कर म्हाराजा."

"व्हय म्हा—" एवढ्यात डावा कळा पडला. गुरवाचे जोडलेले हात सुटायच्याही आधी पडला.

हर्षदने वायरीच्या गुंत्यात तोंड घातलं, पण त्याचे खांदे एकदम खाली आले ते सुलक्षणाला दिसले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या पोराने पूर्ण श्वास घेतला असावा. विमलाने देवाला हात जोडले आणि बराच वेळ ते सोडले नाहीत.

"दादू, कळो नीट लायलंस मा?" राजेशने विचारलं.

"चाळीस वर्सां लायतंय," दादू म्हणाला. त्याला बरं वाटलं नाही.

"नाही, म्हणजे प्रश्न नीट पोचला नसेल. परत एकदा विचार. परीक्षा द्यायची की नाही असं नको. क्लास बदलून द्यावी काय, असं विचार."

कॅटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. देवाला ती अट लावता येत नव्हती, म्हणून राजेश प्रश्नच बदलायला निघाला होता. पण आबांनी मान हलवली. "एकदा दिल्लो कौल परत विचारूचो नसता. फुडे चल."

पुढचा प्रश्न श्वेताचा. पाच वाजायला दहा मिनिटं होती. दादूने नवे कळे भिजवले आणि वाचलं: श्वेतान यंदा थांबान फुडल्या वर्सा भावावांगडा जावचा काय?

"आबा, एक मिनिट." श्वेता स्वयंपाकघराच्या दारात आली होती. "पहिल्याचं उत्तर नाही आलं ना? म्हणजे हर्षद परीक्षा देणार नाही. म्हणजे तो पुढच्या वर्षी कुठे जाणार नाही. मग मी कोणाबरोबर जायचंय? हा प्रश्न उरतच नाही."

आबा विचारात पडले. सहदेवनेही पडल्यासारखं केलं.

"देवापुढे लॉजिक चालत नाही," राजेश म्हणाला.

"माझ्यापुढे पण चालत नाही," हर्षद म्हणाला. "म्हणून तर एकसष्ट."

"तू गप रे. दादू, लाव तू."

दादूने लावले. गाऱ्हाणं झालं, व्हय म्हाराजा झालं, आणि सगळे बघत बसले.

कळे पडेनात. ना उजवा, ना डावा. पाच वाजले. दादू हात जोडून उभा होता, मग टेकला, मग खांबाला पाठ लावून बसला. देवळातला पंखा त्याने बंद केला होता, कारण वाऱ्याने पडलेला कळा धरत नाहीत. सव्वापाच झाले. कौल लागलेला असताना कोणी उठायचं नसतं, म्हणून कोणी उठलं नाही. सहदेवचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला आणि तो दादाकडे बघून तसाच बसून राहिला. खालून सोसायटीचा वॉचमन चेअरमनसाहेबांना दोनदा इंटरकॉम करून दमला. परीक्षेतसुद्धा एका भागाला चाळीसच मिनिटं देतात, मग तो भाग आपोआप बंद होतो. इथे चाळीस होत आली तरी रवळनाथ पेपर सोडायला तयार नव्हता.

"कौल अडलो," आबा पुटपुटले. "वाट बघूक होयी."

"हो, आबा. घाई नको," राजेश लगेच म्हणाला. तो असा आरामात टेकला की सुलक्षणाच्या लक्षात आलं, याला कळा पडायलाच नको आहे. सहा वाजले की झालं. देवाने हो म्हणायला नको आणि नाही म्हणायला नको, आणि राजेशच्या तोंडाला काळं लागायला नको.

दारात श्वेता उभी होती. तिने नुसतं मनगटावर बोट टेकवलं. पाच बत्तीस. ती आईकडे बघत होती, परवानगीसाठी नव्हे. शब्द परत मागायला. सुलक्षणाला स्वतःची लाज वाटली. चोवीस वर्षांची पोरगी, आपल्या डोक्याच्या बळावर अख्ख्या देशातल्या पोरांना मागे टाकून आलेली, आणि आईला दिलेल्या एका शब्दापायी ती वॉशिंग मशीन आणि ओटा यांच्यामध्ये अडकून पडली होती. सुलक्षणाने मान हलवली. दाब.

श्वेता आत गेली. अर्ध्या मिनिटात टीव्हीवर, रवळनाथाच्या मुकुटावर, एक पांढरी पट्टी सरकत आली. तिच्यावर काही अक्षरं होती आणि सहा आकडे.

"ह्या काय आयला?" आबांनी डोळे बारीक केले.

राजेशने अंगठा फिरवला. पट्टी गेली. "काही नाही, आबा. जाहिराती येतात."

सुलक्षणा बोरिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर होती. दिवसभर म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या फोनमध्ये डोकावून ओटीपी शोधून देणं हेच तिचं काम. जाहिरात कशी दिसते आणि ओटीपी कसा दिसतो हे तिला कोणी शिकवायला नको होतं. पट्टी जायच्या आत तिने पहिले तीन आकडे वाचलेही होते. तिने राजेशकडे पाहिलं. तो टीव्हीकडे बघत होता, जरा जास्तच भक्तीने.

पुन्हा पट्टी आली. पुन्हा अंगठा फिरला. यावेळी मात्र राजेशने थांबून पडद्याच्या वरून काहीतरी खाली ओढलं, एका चिन्हावर बोट दाबलं, आणि टीव्हीच्या कोपऱ्यात एक बारीक चंद्रकोर उगवली. आता फोनवर काहीही येवो, दिसणार नव्हतं. साठीच्या घरातल्या माणसाला नातेवाइकांचे गुड मॉर्निंग थांबवता येत नव्हते, पण हे बरोबर जमलं.

पावणेसहाला श्वेता पुन्हा दारात आली. "मोठे काका, माझा फोन द्या."

"कौल चालू आहे."

"दोन मिनिटं फक्त."

"देवाचा फोन मध्येच कापत नाहीत, बाळा."

"दादा म्हणतो ते—" सहदेवने सुरुवात केली.

"पप्पा, तो ओटीपी होता," हर्षद म्हणाला. तो खाली मान घालून वायर गुंडाळत होता. "दोन्ही वेळा."

राजेशने फोन दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरला. सुलक्षणाला क्षणभर त्याची कीवही आली. दोन वर्षं हा माणूस लिफ्टमध्ये, गेटवर, वाढदिवसांना मुलाच्या केबिनबद्दल बोलत होता. आता त्याच लिफ्टमधून पुतणी बॅग घेऊन उतरणार आणि लोक विचारणार, तुमचा हर्षद कुठे? ते त्याला झेपणार नव्हतं. पण कीव आली म्हणून पोरीचं वर्ष काढून द्यायचं नसतं.

ती उठली. कौल लागलेला असताना उठली. आबांच्या आणि टीव्हीच्या मधून गेली, जे एरवीही या घरात कोणी करत नसे.

"भावोजी, फोन द्या."

"सुलक्षणा, बस खाली."

तिने हात पुढे केला आणि त्याच्या दोन्ही हातांतून फोन काढून घेतला. त्याने घट्ट धरला होता, तरी निघाला. फोन न कापताही मेसेज बघता येतो, हे तिला पुरतं माहीत होतं. लॅबमध्ये दिवसातून दहा वेळा ती ते लोकांना करून दाखवायची. तरी तिने लाल बटण दाबलं.

टीव्हीवरून देव गेला. त्याच्या जागी श्वेताच्या फोनवरचा फोटो आला, मनोरीच्या किनाऱ्यावर ती आणि हर्षद, दोघांच्या तोंडात बर्फाचे गोळे. सुलक्षणाने ती चंद्रकोर घालवली, मेसेज उघडला आणि सासरे, थोरले दीर, नवरा यांच्यासमोर उभी राहून काउंटरवरच्या आवाजात वाचला. "चार, शून्य, सात. दोन, नऊ, एक."

आतून टकटक ऐकू आली. मग काहीच नाही. मग श्वेता म्हणाली, "झालं."

"देवाला कापलंस तू," राजेश म्हणाला. तो खरोखर पांढरा पडला होता. "आबा, बघितलंत? घरावर आलं तर कोण निस्तरणार हे?"

आबा काही बोलायच्या आत फोन वाजायला लागला. सुलक्षणाच्या हातात वाजत होता आणि टीव्हीवर भलंमोठं नाव आलं होतं, दादू गुरव. सगळ्यांना एकदमच समजलं. कळा पडला होता.

देवावर विश्वास नसता तर किती सोपं होतं. पण सुलक्षणाचा होता. उजवा पडला असेल तर देवानेच पोरीला थांब म्हटलं आहे, आणि आपण ते ऐकून घ्यायच्या आधीच फोन कापला आहे. राजेशने हात पुढे केला होता. तो टाळून तिने वाजता फोन आबांपुढे धरला. देव त्यांचा होता, गुरव त्यांचा होता.

आबांनी फोन घेतला. पण उचलला नाही.

"संपाच्या येळाक मी कौल लायल्लंय," ते म्हणाले. "कामार परत जावचा की संपात ऱ्हवाचा. कौल झालो, ऱ्हव. ऱ्हवलंय. गिरण गेली ती गेली. देवाक मी दोष देवचंय नाय. पण तुझी आये तवा सांगत होती, जा कामार. तिका मी विचारूक नाय, राजेश. देवाक विचारलंय, आणि तिका नाय." त्यांनी फोन मांडीवर ठेवला. "वाजांदे."

फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला.

"पण आबा," हर्षद म्हणाला, "प्रश्न होता थांबायचं काय. डावा पडला असला तर? म्हणजे देवच म्हणतोय थांबू नको, जा. उचला की."

हॉलमध्ये एकदम हवा खेळली. विमला पहिल्यांदाच मोठ्याने बोलली, "हो की हो. डावाच असेल. मघाशी पण डावाच होता." राजेशच्या चेहऱ्यावर रंग परत आला. देवानेच धाडली म्हटलं की लिफ्टमध्ये सांगायला सोय होती. त्यात हर्षदचा पराभव कुठेच दिसत नव्हता. आणि सहदेव तर फुललाच. दादाच्या शब्दाबाहेर न जाता पोरगी जात होती, याहून एका बापाने काय मागावं? तो स्वतः उठला, बधिर पायाने लंगडत आबांपर्यंत गेला, आणि फोन उचलायला वाकला.

सुलक्षणाने त्या सगळ्यांकडे पाहिलं. किती आनंदात होते. कोणालाच काही बोलावं लागणार नव्हतं.

"नका उचलू," ती म्हणाली.

"अगं, पण डावा असला तर चांगलंच आहे ना?" सहदेव म्हणाला.

"डावा असला तर मुळीच नको. उद्यापासून सगळे म्हणाल, देवाने पाठवली."

"मग म्हणू देत. तुझं काय जातं?"

"ती तिच्या डोक्याने चालली आहे," सुलक्षणा म्हणाली. "आणि कोणी पाठवली विचारलं, तर मी पाठवली."

सहदेवने सवयीने दादाकडे पाहिलं, पण दादा काही म्हणत नव्हता. फोन वाजून वाजून बंद झाला.